चमेलीच्या पोटातला आवाज

घाटकोपरहून मुलुंडला जाऊन आले आणि त्याचं प्रवासवर्णन लिहितेय, असं सांगितल्यावर आमची मुलगी फोनवर खो खो हसली. "आई, तिथे लोक रोज कामाला जातात गं!" जात असतील. त्यांच्यासोबत टेम्पोत घोडी नसते. आणि गेल्यावर पाच दिवस गाढवाच्या शेजारी झोपावं लागत नाही.

घोडीचं नाव चमेली. रंग पांढरा, निदान आंघोळीनंतर. आमच्या डोंगरावरच्या वस्तीत सतरा वर्षांत जी लग्नं झाली, त्यातले बहुतेक नवरदेव तिच्याच पाठीवर बसून मांडवात गेले. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे तीच. माझे यजमान बबनराव तिचे मालक. लोक त्यांना बबनराव म्हणतात, मी अहो म्हणते, आणि मनात जे म्हणते ते इथे लिहीत नाही. सासरे जालन्याकडून आले ते टांगा हाकायला. टांगे गेले, घोडं राहिलं. मी एका प्रसूतिगृहात आया आहे. घरात दोन कमावती माणसं आणि एक कमावती घोडी, असा आमचा संसार.

मी चमेलीला सवत म्हणते. लोकांना गंमत वाटते. पण बाजारातून आलेलं पहिलं गाजर तिला, मग सांबारात आम्हाला. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस मला बघायला आला आणि निम्मा वेळ चमेलीचा नाल सैल झालाय हेच सांगत बसला.

आता तिचे गुडघे गेले. त्यात तिची शेड होती ती जागा टॉवरवाल्यांकडे गेली. मुलीने शोधाशोध करून मुलुंडच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला, म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या जनावरांचं एक आश्रयस्थान काढलं. तिथल्या नीलिमाताईंचा नियम असा, की नवीन जनावराबरोबर घरचं माणूस चार-पाच दिवस राहिलं पाहिजे. बबनराव बॅग भरून बसले होते. आदल्या दिवशी चमेलीची बादली घेऊन उतरताना पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरात गेला.

"शोभे, तूच जा आता," म्हणाले.

"मी? ती मला चावते."

"चावत नाही. ओळख दाखवते."

शुक्रवार

टेम्पोचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चमेली पूर्ण वेळ माझ्या मानेवर गरम श्वास सोडत होती. गल्लीतून निघताना बबनराव खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. टेम्पोकडे बघितलंच नाही. मला वाटलं, पाय दुखत असेल.

नीलिमाताई फाटकातच उभ्या होत्या. साठीच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, पायात गमबूट, केसात गवत. मला म्हणाल्या, "शोभाताई, तुमच्याकडच्या गोंगाटातून आलात. इथे बघा किती शांत वाटेल."

त्यांचं वाक्य संपायच्या आत असा आवाज आला, की मी चमेलीच्या मागे लपले. आधी कोणीतरी गंजलेलं शटर ओढल्यासारखा, मग दमेकऱ्याने श्वास आत घेतल्यासारखा, आणि शेवटी जोरजोरात हुंदके.

"घाबरा नकात वयनी," आतून एक लुंगीवाला माणूस आला. "तो मॅनेजर. गाढव आसा. नवीन माणूस दिसला की असो बोंबलता."

हा गोविंद. मालवणकडचा. जनावरांचं करणं आणि माणसांचं जेवण दोन्ही त्याच्याकडे. जेवायला बसल्यावर काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात समोर आला. आमच्याकडे भाकरी आणि ठेचा लागतो, पण आमटी झकास होती. मासे का नाहीत, असं विचारलं तर त्याचा चेहरा सुतकी झाला. ताईंचा नियम, जनावरांच्या घरात जनावर शिजवायचं नाही. म्हणून दर बुधवारी हा माणूस कांदिवलीला बहिणीकडे जातो, बांगडे खातो आणि संध्याकाळी परत येतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली आणि बाहेरून "गळगळगळगळ" असं उत्तर आलं. मी घास हातात धरून बसले.

"टर्की," ताई म्हणाल्या. "मोठा आवाज झाला की उत्तर देतो. शिंकलात तरी देईल."

मी मुद्दाम शिंकून बघितलं. दिलं.

शनिवार

सकाळी साडेपाचला मॅनेजर सुरू झाला. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं, त्यामुळे बायका भांडी आपटतात, पाइप ओढतात, एकमेकींच्या आयांचा उद्धार करतात. मला त्याची सवय आहे. त्या आवाजात निदान अर्थ असतो. इथे मात्र मॅनेजरच्या मागून बदकं, बदकांच्या मागून टर्की, आणि सगळ्यात शेवटी एक बोकड खोकला. हुबेहूब माझे सासरे. मी पदर सावरून उठून बसले हो!

दिवसभर मी चमेलीची खोली झाडत होते आणि आवाज ओळखायला शिकत होते. टक टक टक म्हणजे कासव पत्र्याच्या वाटीवर डोकं आपटतंय. फुर्र म्हणजे म्हैस. ती आंधळी आहे, शांताबाई नावाची. एक भटका पिवळा कुत्रा, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलंय. तो चालेल तिकडे घुंगरू वाजतं आणि शांताबाई त्याच्या मागून जाते, पाण्यावर, उन्हात, परत गोठ्यात. कुणी शिकवलं नाही म्हणे. कुत्रा मधेच थांबून मान हलवतो, खाज आल्यासारखी. शांताबाई मागे राहिली असेल तर. मी अर्धा तास बघत उभी राहिले. मग स्वतःचाच राग आला आणि शेण उचलायला गेले.

चमेली मात्र गप्प. गवत थोडं चघळलं, टाकून दिलं. कोपऱ्यात तोंड करून उभी. मी म्हटलं, नखरे. लाडावलेली आहे. संध्याकाळी बबनरावांचा फोन आला. पहिलं वाक्य, "खाल्लं का?"

"मी खाल्लं. काळ्या वाटाण्याची आमटी."

"तू नाही गं, ती."

मी फोन ठेवला.

रविवार

सकाळी गोविंदने हाक मारली. त्याचा आवाज बदलला होता. चमेली पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. वरचा ओठ उचलून दात दाखवत होती. मग गुडघ्यावर बसली, उठली, परत बसली. अंगावर घाम.

ताईंनी डॉक्टरांना बोलावलं. तरुण मुलगा, भांडुपला राहणारा, रविवारची दाढी न केलेला. त्याने चमेलीच्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. एकदा वर, एकदा खाली, मग दुसऱ्या बाजूला. बराच वेळ. मॅनेजरसुद्धा बोंबलायचा थांबला.

"काकी, इकडे या," डॉक्टर म्हणाला आणि नळ्या माझ्या कानात घातल्या. "काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"तेच. घोड्याच्या पोटात सतत गडगड चालू असते. वरती ढग वाजल्यासारखी. ती बंद पडली म्हणजे आतलं सगळं अडकलंय. पाणी किती प्यायली कालपासून?"

मी बादलीकडे बघितलं. शुक्रवारी भरली होती तेवढीच होती. वर एक गवताची काडी तरंगत होती. माझं लक्षच नव्हतं. चाळीस बाळंतिणींना आज किती पाणी प्यायलीस असं दरडावून विचारणारी बाई मी, आणि घरच्या जनावराच्या बादलीत डोकावले नव्हते.

डॉक्टरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं. नाकातून नळी घालून तेल सोडलं, थोडं पाणी सोडलं. मग म्हणाला, "आता हिला हळूहळू चालवत राहा. पण पाणी तिने स्वतः प्यायला हवं. नाही प्यायली, तर..." त्याने नळी गुंडाळायला घेतली. मोठ्या जनावराचं ऑपरेशन इथे होत नाही, हे ताईंनी मला मागाहून सांगितलं.

आम्ही गुळाचं पाणी केलं. तोंड फिरवलं. बादली बदलली, नळाचं सोडून विहिरीचं आणलं, तोंडाला ओला हात लावला. काही नाही. शेवटी मी घरी फोन लावला. बबनरावांना कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण चमेलीचं गुपित त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार.

ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "शिटी वाजवली का?"

"कसली शिटी?"

"शोभे, सतरा वर्षं बघतेस ना? मी शिटी वाजवल्याशिवाय ती पाण्याला तोंड लावत नाही. सगळे घोडेवाले वाजवतात."

बघत होते, खरंय. रोज सकाळी शेडमधून एक लांब, बारीक शिटी यायची. मला वाटायचं, म्हातारपणी चाळे सुचतायत.

"थांब, फोन तिच्या कानाशी धर," म्हणाले.

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून धरला. चमेलीचे कान उभे राहिले. फोनमधून "फू" आलं. परत "फू". मग नुसता श्वास. मग काहीच नाही.

"अहो, वाजवा की!"

"येत नाहीये गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. सासरे गेले तेव्हा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. रडताना ओठांचा चंबू होत नाही, त्यामुळे शिटी वाजत नाही, हे ज्ञान मला मुलुंडला झालं. फोनमध्ये हा माणूस हमसून हमसून रडत होता आणि चमेली कान टवकारून फोनकडे बघत होती. मग तिने कान पाडले आणि पुन्हा पोटाकडे मान वळवली.

मी फोन बंद केला.

पहिला नंबर गोविंदने लावला. त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली की टर्कीने दोनदा उत्तर दिलं, बदकं पाण्यात पळाली आणि चमेली मागे सरकली. "ही बसची शिटी झाली," तो ओशाळून म्हणाला. ताईंनी प्रयत्न केला. नुसती हवा आणि थोडी थुंकी. डॉक्टर गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "मला येत नाही. शाळेत पण यायची नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला काय बघता? मी बाई आहे."

"मी पण," ताई म्हणाल्या.

लहानपणी एकदा मी शिटी वाजवली होती. आईने अशी ठेवून दिली होती, की त्यानंतर आजतागायत ओठांचा तो आकार केला नाही. आता चोपन्नाव्या वर्षी, तीन माणसं, एक गाढव आणि एका टर्कीसमोर मी ओठ पुढे काढले. फुस्स. टर्की म्हणाला, गळगळगळ. परत फुस्स. परत गळगळगळ.

"त्या मेल्याला आत टाका आधी!" मी ओरडले. गोविंदने त्याला उचलून नेलं.

मग मी बबनरावांना परत फोन लावला. आता ते शांत होते, म्हणजे नाक ओढत होते. "ओठ फार पुढे नको," ते सांगायला लागले. "जीभ खालच्या दातांना टेकव. गरम चहावर फुंकतेस तसं, पण हळू. आणि घाई नको, शोभे. तिला वाटलं पाहिजे, तुला दुसरं काही काम नाही."

मला दुसरं काम नाही असं वाटायला लावणं, हे मला आयुष्यात जमलेलं नाही. तरी मी चमेलीच्या समोर बादलीच्या कडेला उकिडवी बसले. माझा वरचा एक दात पडलाय. तिथून पहिल्यांदा काहीतरी गळलं. शिटी म्हणता येणार नाही. दाराच्या फटीतून वारा आल्यासारखा बारीक आवाज. लांब ओढला. श्वास संपला. परत ओढला.

चमेलीचा एक कान माझ्याकडे वळला. फक्त कान.

मी थांबले नाही. डोकं गरगरायला लागलं. गुडघे भरून आले. चमेलीने मान खाली घातली, पाण्याचा वास घेतला, नाकाने पाणी हलवलं. मी अजून ओढला. आणि मग तिने तोंड बुडवलं.

घोडी पाणी पिताना तिचे कान हलतात, हे तुम्हाला माहीत आहे का? प्रत्येक घोटाला पुढे, मागे, पुढे, मागे. घळक, घळक. मी तोंडाने शिटी वाजवत होते आणि डोळ्यांनी कान मोजत होते. एकवीस घोट. ताई माझ्या मागे उभ्या राहून काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक त्याही मोजत होत्या.

दिवसभर आम्ही तिला चालवलं. आळीपाळीने, फाटकापासून चिंचेच्या झाडापर्यंत, परत. दर तासाला पाणी, दर तासाला माझी फटीतली शिटी. चालवताना मी तिच्याशी बोलत होते. काय बोलले ते सगळं सांगता येणार नाही. गाजराचा विषय निघाला. ऑपरेशनचा निघाला. तिने ऐकून घेतलं. तिची मान माझ्या खांद्यावर टेकली होती, वजनाला भारी, आणि मी ती बाजूला केली नाही.

आमच्या प्रसूतिगृहात पोट फाडून बाळंत झालेल्या बाईला पहिला प्रश्न मी विचारते, "गॅस पास झाला का?" बाया लाजतात. कोट्यधीशाच्या सुनासुद्धा पदरात तोंड लपवतात. मी म्हणते, लाजू नकोस बाई, तो आवाज आला की समज तू वाचलीस, मग तुला चहा. इतक्या वर्षांत हजारदा विचारलं असेल. पण कोणाच्या पादण्यासाठी देवळात उभं राहिल्यासारखे हात जोडून उभी राहिले नव्हते.

ऊन उतरायच्या वेळी डॉक्टर परत आला. नळ्या माझ्या कानात घातल्या. आधी काही नाही. मग फार खोलवर, विहिरीत कोणीतरी हंडा हलवल्यासारखं, गुड. थांबलं. गुड गुड. मी डॉक्टरच्या हाताला इतक्या जोरात धरलं की त्याचं घड्याळ निघालं.

"आलं," मी म्हटलं. "आलं, आलं."

तेवढ्यात चमेलीने शेपूट उचललं आणि असा काही लांबलचक, भरघोस, मिरवणुकीला शोभेल असा पाद सोडला, की कोंडून ठेवलेल्या टर्कीने आतून जोरदार उत्तर दिलं. मॅनेजर बोंबलला. बोकड खोकला. गोविंद लुंगी धरून जमिनीवर बसला आणि हसता हसता रडायला लागला. नीलिमाताई, बँकेतून रिटायर झालेल्या, माझ्या गळ्यात पडल्या.

मी घरी फोन लावला आणि म्हटलं, "गॅस पास झाला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जेवलीस का गं तू?"

सोमवार, मंगळवार

सोमवारी सकाळी लीद पडली. तिचं वर्णन करत नाही, पण डॉक्टर धरून आम्ही चौघांनी ती रांगेने उभं राहून बघितली.

प्रश्न आता वेगळाच होता. मी गेल्यावर शिटी कोण वाजवणार? ताईंनी माझा आवाज मोबाइलवर घेऊन बघितला, चमेलीने मोबाइल चाटला. म्हणून त्या शिकायला बसल्या. माणूस जिद्दी. शेण उचलताना फुस्स, हिशेबाची वही उघडताना फुस्स, जेवताना भाताची शितं आमच्या ताटात. गोविंद म्हणाला, "वयनी, ह्येंका दात पाडूचो लागतलो." मंगळवारी दुपारी ताई बादलीपाशी बसल्या, डोळे मिटले, आणि कुठून कोण जाणे, एक गोल, घोगरा, कबुतरासारखा सूर निघाला. माझ्यासारखा नव्हताच. बबनरावांसारखाही नव्हता. चमेलीने थोडा विचार केला आणि पाणी प्यायली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ताई उठल्यावर मी एकदा माझी शिटी वाजवून बघितली, तेवढं खरं.

निघताना मी तिच्या कुंपणापाशी गेले. ती मॅनेजरच्या शेजारी उभी होती, माझ्याकडे पाठ करून, गवत खात. कररम कररम. मी हाक मारली. एक कान मागे आला, परत पुढे गेला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, टर्की त्याला उत्तरं देत होता. मी पाच मिनिटं उभी राहिले. तिने वळून बघितलं नाही. निघाले.

घरी

बबनराव पलंगावर, पाय उशीवर. मी पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "निघताना रडली का?"

खोटं बोलावं असं वाटलं होतं. रिक्षात वाक्यही तयार केलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "गवत खात होती. गाढवाशी जमलंय तिचं."

त्यांनी पायाखालची उशी सरळ केली. मग म्हणाले, "बरं झालं." आणि खरंच बरं झालं असं त्यांना वाटतंय, हे मला आवाजावरून कळलं. वेळ लागला, पण कळलं.

"पाय बरा झाला की जाऊ दोघं," मी म्हटलं. "बुधवार सोडून. बुधवारी गोविंद नसतो."

मी चहा टाकला. शेजारच्या घरात मिक्सर लागला, वरून विमान गेलं, खाली कोणीतरी कोणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं. पाच दिवसांनी बरं वाटलं ऐकून.

"शोभे," ते म्हणाले. "कशी वाजवलीस ती? दाखव ना."

"काही नको. तुम्ही काय घोडी आहात?"

"दाखव गं. एकदा."

मी दार लावून घेतलं. खिडकीही लावली, वस्तीत उगाच चर्चा नको. पलंगाच्या कडेला बसले, जीभ खालच्या दातांना टेकवली, आणि पडक्या दातातून तो बारीक आवाज सोडला. लांब. मला दुसरं काही काम नसल्यासारखा.

बबनराव डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "सूर जरा खाली हवा."

मग उशाचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले.